रामला ते बेत साहूर: एक राज्य की दोन?

पॅलेस्टिनी लोकांना त्यांचे हक्क मिळायला हवेत आणि ते इस्रायलींशी बोलणी करूनच टिकतील, इथपर्यंत ज्यांचं ठरलंय पण पुढे "मग एक राज्य की दोन" इथे अडलंय त्यांच्यासाठी लिहितोय. 1948 ला इस्रायल झालं, 1967 च्या युद्धात त्याने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा घेतलं, 1993 ला पॅलेस्टिनी नेतृत्वाशी ऑस्लो करार झाला, एवढं माहीत आहे असं धरतो. मी तिकडे 2016 ते 2019 पोस्टडॉकला होतो, पहिलं वर्षभर पक्का एका राज्यवाला होतो, आता तसा राहिलो नाहीये. का ते सांगतो, पटलं नाही तरी हरकत नाही.

आधी एक राज्य. जॉर्डन नदीपासून भूमध्य समुद्रापर्यंत साधारण 70 लाख ज्यू आणि जवळजवळ तेवढेच पॅलेस्टिनी राहतात, सगळ्यांना एक मत आणि एक कायदा, संपलं. विचार म्हणून यात खोट काढणं अवघड आहे, कारण आज वेस्ट बँकेत एकाच टेकडीवर वरच्या वसाहतीतल्या ज्यू माणसाला इस्रायलचा नागरी कायदा लागतो आणि खालच्या गावातल्या पॅलेस्टिनी पोराने दगड मारला तर त्याची केस लष्करी कोर्टात जाते. हे डोळ्यांनी बघितलं की "अरे एकच कायदा करा ना" हे आपोआप तोंडातून येतं. आणि आपल्याला विसरायला झालंय पण 1947 ला युनोच्या पॅलेस्टाइन समितीत भारताने इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर जी अल्पमताची योजना मांडली ती फाळणीची नव्हती, संघराज्याची होती. स्वतःकडे फाळणीच्या जखमा ताज्या असताना मांडलेली. त्यामुळे ही कल्पना कुणा स्वप्नाळू माणसाची आहे असं मी तरी म्हणणार नाही.

दोन राज्यं म्हणजे 1967 च्या रेषेच्या आसपास सीमा, पूर्व जेरुसलेम पॅलेस्टाइनची राजधानी, थोडी जमिनीची अदलाबदल, निर्वासितांवर काहीतरी तोडगा. वेस्ट बँक आणि गाझा मिळून जुन्या पॅलेस्टाइनची 22 टक्के जमीन, म्हणजे पॅलेस्टिनी नेतृत्वाने 1988 लाच 78 टक्क्यांवर पाणी सोडलं होतं, हे लोक विसरतात. 2008 मध्ये इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान ओल्मर्ट आणि पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास बोलणीला बसले तेव्हा नकाशातला फरक काही टक्क्यांवर आला होता. मग ओल्मर्ट भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे पदावरून गेले, गाझात युद्ध सुरू झालं आणि ते तिथेच राहिलं. अडचण सगळ्यांना माहितीये, ऑस्लोच्या वेळी पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत लाखभर ज्यू वसाहतवाले होते, आज तेच पाच लाखांच्या आसपास आणि पूर्व जेरुसलेम धरून सात लाखांच्या घरात आहेत. एवढ्या लोकांना उठवणार कोण, हा प्रश्न मीही विचारायचो.

आता माझं ज्यावरून ठरलं ते. ते आहे एक डबा आणि एक लाल बोर्ड.

रामला म्हणजे इस्रायलमधलं शहर, वेस्ट बँकेतलं रामल्ला नव्हे. तिथे आपल्याकडून गेलेले बरेच बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, राहतात. तिथल्या एका मावशींची ओळख झाली, मूळच्या अलिबागकडच्या, दहा वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर गेलेल्या, मराठी अजून स्वच्छ. शुक्रवारी जेवायला बोलवायच्या. दुसरीकडे वेस्ट बँकेत बेत साहूरला, बेथलेहेमच्या शेजारी, एका शाळामास्तरांच्या घरी मी सुट्टीला खोली घेऊन राहायचो. गप्पांमध्ये कळलं की मास्तरांची आई रामलाची, जुलै 1948 ला रामला आणि लोद मधून हजारो लोकांना बाहेर काढलं त्यात ती, लहान मुलगी. हे मी मावशींना सांगितलं. मावशी जरा वेळ गप्प बसल्या आणि मग रोश हशनासाठी, म्हणजे ज्यू नववर्षासाठी, नारळाच्या दुधातला हलवा केला होता तो डब्यात भरून म्हणाल्या, "त्यांच्या आईला नेऊन दे."

मावशींच्या मुलाने गाडीने सोडलं ते बेत जालाच्या वळणावर लाल बोर्ड आहे तिथपर्यंत. हिब्रू, अरबी, इंग्लिश तिन्हीत लिहिलेलं, पुढे "ए" क्षेत्र, म्हणजे पॅलेस्टिनी प्रशासनाचा भाग आहे, इस्रायली नागरिकांना प्रवेश मनाई, जिवाला धोका, कायद्याविरुद्ध. तो तिथूनच वळला. मी उतरलो, टॅक्सी केली, दहा-पंधरा मिनिटांत डबा पोचला. परत येताना मास्तरांनी ऑलिव्ह तेलाची बाटली दिली, त्यांना यायचं तर परमिट पाहिजे, आईला त्या वयात परमिट लागायचं नाही पण एकटी कशी जाणार, आणि मास्तरांचा अर्ज दर वेळी नामंजूर, कारण कोण सांगणार. तीन वर्षांत तो डबा किती वेळा इकडून तिकडे गेला त्याचा हिशेब नाही, दर वेळी नेणारा मीच. माझा त्या जमिनीशी संबंध काय, काहीच नाही, माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि व्हिसा होता म्हणून मला सगळीकडे जाता यायचं, आणि जिची ती गल्ली होती तिला एकटीला नाही आणि जी आज तिथे राहते तिलाही इकडे नाही. याचा मला जो संताप यायचा तो अजून गेलेला नाही.

साहजिकच मी म्हणायचो एक राज्य करा, बोर्ड काढा. एकदा मास्तरांना हे बोललो तर त्यांनी जे सांगितलं त्याने माझा सगळा हिशेब उलटा झाला. ते म्हणाले, रामलाला मला राहायला नाही जायचं, आईला तिची गल्ली दाखवून संध्याकाळी घरी परत यायचंय. आणि एक राज्य व्हायचं तर आधी सगळ्या इस्रायलींनी आपला देश, सैन्य, नाव सगळं नव्याने मांडायला हो म्हणायला हवं, तोवर मी काय करू, तोवर परमिटच ना?

मावशींनाही विचारलं. त्या उजव्या पक्षाला मत देतात हे आधीच सांगतो. त्या आल्या तेव्हा तिथले धर्मगुरू बेने इस्रायलांना लग्नासाठी पुरते ज्यू मानायला तयार नव्हते, 1964 ला जेरुसलेममध्ये धरणं झालं त्यात त्यांचे वडील होते. त्या म्हणाल्या, एवढं भांडून जे मिळालं ते मी कुणाच्या बहुमतावर सोडणार नाही रे, पण ती बाई आपलं घर बघायला आली तर मी तिला चहा करीन. म्हणजे दोघांच्या बोलण्यात मला एकच मागणी दिसली, स्वतःचं राज्य पाहिजे आणि दार बंद नको.

पण जुन्या पद्धतीचं दोन राज्यंही मला नकोय, हे स्पष्ट करतो. तो लाल बोर्ड आकाशातून पडलेला नाही, 1995 च्या दुसऱ्या ऑस्लो करारात ए, बी, सी क्षेत्रं पडली त्यातूनच तो आला, आणि ती सोय 1994 पासून धरून पाच वर्षांची होती, 1999 ला संपायची होती. सी म्हणजे वेस्ट बँकेची सुमारे 60 टक्के जमीन अजून पूर्ण इस्रायली ताब्यात. "तात्पुरतं" म्हणून जे जे केलं ते सिमेंटचं झालं, इस्रायलने बांधलेली भिंत सुद्धा, तिचा ठरलेला बहुतेक मार्ग 67 च्या रेषेवर नाही तर आत वेस्ट बँकेत आहे. त्यामुळे शेवटची तारीख नसलेला करार कुणी पुढे केला तर मी तरी त्याच्या बाजूने नाही, मग त्यावर कुणाचीही सही असो.

मला मनापासून पटतं ते 2012 पासून काही इस्रायली आणि पॅलेस्टिनी मिळून मांडतायत ते, ए लँड फॉर ऑल म्हणून गट आहे. दोन स्वतंत्र राज्यं, सीमा 67 ची, पण उघडी. नागरिकत्व आणि मत आपापल्या देशात, राहणं मात्र हळूहळू दुसरीकडेही करता येईल, म्हणजे वसाहतवाल्याला राहायचंच असेल तर पॅलेस्टाइनचा कायदा पाळून परदेशी रहिवासी म्हणून राहील आणि निर्वासितांनाही पलीकडे तशीच जागा. जेरुसलेम कापायचं नाही. सात लाखांना उठवायचा प्रश्न यात बराच हलका होतो. धोके आहेत, सुरक्षेचा सगळ्यात मोठा, आणि 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने सुमारे 1200 माणसं मारल्यावर आणि त्यानंतर गाझात तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे 60 हजारांच्या वर माणसं मेल्यावर उघडी सीमा म्हटलं की दोन्हीकडचे लोक अंगावर येतात, ते मी समजू शकतो. म्हणून दार टप्प्याटप्प्याने उघडा, पण ताबा संपायची तारीख आधी लिहा. जुलै 2024 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो ताबा बेकायदा आहे असं मत दिलंच आहे, त्यामुळे ती तारीख ही काही मेहरबानी नाही, बोलणी तिथून पुढची.

एकाच राज्यावर तुमची श्रद्धा असेल तर मी वाद घालणार नाही, शंभर वर्षांनी कदाचित तेच होईल. पण आज ज्याला परमिट लागतंय त्याला लवकर काय देता येईल असं बघितलं तर माझं मत दुसरीकडे जातं.

मास्तरांची आई 2021 ला गेली, रामला न बघता. युद्ध सुरू झाल्यावर बहुतेक परमिटं रद्द झाली, मावशींचा नातू राखीव दलात बोलावला गेला, मास्तरांचे मेव्हणे गाझात. मी दोघांशी पुण्याहून फोनवर बोलतो. मागच्या महिन्यात मावशींनी विचारलं, त्यांच्या आईचं घर नक्की कुठे होतं रे. मास्तरांकडून विचारून सांगितलं, पांढऱ्या मनोऱ्याकडून येताना डावीकडची गल्ली. मावशी गुडघे धरत जाऊन फोटो काढून आल्या, मी तो पुढे पाठवला. मास्तरांचं उत्तर आलं की ही नाही, आई सांगायची ती याच्या पुढची, कोपऱ्यावर विहीर होती ती. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, शुक्रवारी परत जाते.