व्हेअर इज माय ट्रेन : नेट नसताना चालतं, म्हणून ठेवलंय

शिमग्याला कोकणकन्येने गावी चाललो होतो, स्लीपर, वरचा बर्थ. मधेच जाग आली तर बाहेर मिट्ट काळोख, गाडी कुठेतरी क्रॉसिंगला उभी. खालून एक काका म्हणाले, "चिपळूण गेलं काय हो?" मोबाईलला रेंजची एकच काडी, नेट बंद, तरी ॲप उघडलं आणि सांगितलं, "नाय काका, आत्ता खेड सोडलंय, अंजनीपण आलं नाय अजून." झालं, तिथून पुढे अख्ख्या डब्याचा स्टेशन मास्तर मीच.

तर या ॲपचं सगळं यश या एका गोष्टीत आहे असं माझं मत. टाइमटेबल आधीच फोनमधे उतरलेलं असतं आणि फोन कुठल्या टॉवरला लागलाय त्यावरून ते गाडी कुठे आहे ते ओळखतं, त्यामुळे नेट नको की जीपीएस नको. बरं जीपीएस लावलं तरी डब्यात मधल्या बर्थवर ते धड पकडत नाही आणि बॅटरी खातं ते वेगळंच. हे बनवणारी बेंगळुरूची सिग्मॉइड लॅब्स नावाची छोटी कंपनी, डिसेंबर २०१८ मधे गूगलने ती घेतलीच, उगाच नाही घेतली.

याच्या उलट त्याआधी मी दुसरं एक ॲप वापरायचो, नाव नाही घेत. त्यात वॉलेट, जेवणाची ऑर्डर, हॉटेल, कसलं कसलं स्पिन करा आणि जिंका, सगळं होतं. पण रात्री गाडी कुठे आलीय बघायला उघडलं की आधी लॉगिन मागणार, मग ओटीपी, आणि रोह्याच्या पुढे ओटीपी येणार कसा? दोनदा असं झालं आणि उडवून टाकलं. माणूस ॲप कशासाठी उघडतो हेच कळलं नसेल तर वीस फीचर देऊन काय उपयोग.

दुसरी आवडलेली गोष्ट अलार्म. घड्याळाचा नाही, स्टेशनचा. गाडी दीड तास लेट असली तर घड्याळाचा अलार्म आपल्याला फुकट उठवून बसवतो, हा स्टेशन जवळ आलं की वाजतो. फक्त एक ध्यानात ठेवा, टॉवरवर चालतं म्हणजे टॉवर गेला की हेही आंधळं. आणि कोकण रेल्वेवर बोगदे एक्क्याण्णव, त्यातला सगळ्यात मोठा करबुडे, साडेसहा किलोमीटर, नेमका रत्नागिरीच्या तोंडावर, उक्षी आणि भोकेच्या मधे. त्यामुळे मी रत्नागिरीचा अलार्म लावतच नाही, संगमेश्वरचा लावतो. उठून चप्पल शोधायला, बॅगा खाली काढायला, शेजारच्याचा पाय बाजूला करायला वेळ मिळतो.

आणखी एक, घरी बसून दुसऱ्याची गाडी बघायची असेल तर नेट लागतंच, टॉवरची जादू गाडीत बसलेल्यालाच. हे न कळल्यामुळे लोक उगाच एक स्टार देऊन जातात. बाकी डबा कुठे लागणार ते दिसतं, बॅगा घेऊन इंजिनापासून शेवटपर्यंत पळावं लागत नाही, भाषा मराठी करता येते, वडिलांच्या फोनमधे तशीच करून दिलीय. पीएनआर वगैरे पण आहे, मी फारसा बघत नाही.

माझ्याकडून साडेचार स्टार. अर्धा बोगद्यांमुळे कापला, त्यात त्यांची काय चूक नाही म्हणा. आईचा मात्र ॲपवर अजून काडीचा विश्वास नाही, ती म्हणते संगमेश्वर गेलं की फोन कर, मग मी चहाचं आधण ठेवते.