अल्बर्ट ग्लासर: आठ महिने ऐकल्यानंतर

ग्लासर म्हणजे हॉलिवूडच्या कमी पैशांतल्या चित्रपटांना पार्श्वसंगीत देणारा संगीतकार. आधीच सांगते, हेडफोन लावून सलग ग्लासर ऐकू नका. पहिल्या महिन्यात मी तेच केलं. १९५७-५८ सालच्या चार राक्षसपटांचं पार्श्वसंगीत एका बैठकीत ऐकलं आणि डोकं भणाणून गेलं. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, टिंपनीचे नगारे, पुन्हा ट्रम्पेट. कुणी नुसतं दार उघडलं तरी ट्रॉम्बोन गर्जतात. सगळं पुसून टाकायच्या बेतात होते.

टिकले ती टोळधाडीमुळे. 'बिगिनिंग ऑफ द एंड' (१९५७) मध्ये महाकाय टोळ शिकागोवर चालून येतात. दिग्दर्शक बर्ट आय. गॉर्डन यांच्याकडे पैशांची बोंब, म्हणून इमारतींच्या फोटोंवर खरेखुरे टोळ सोडून चित्रण उरकलं. तो प्रसंग मी आवाज बंद करून पाहिला. टोळ निवांत चालतोय, आणि एका ठिकाणी त्याचा पाय इमारत सोडून चक्क आकाशावर पडतो! मग आवाज लावून पुन्हा पाहिला. हसू तेव्हाही आलं, पण जरा उशिरा. आधी पोटात किंचित गोळा आला होता. तो गोळा टोळाचा नाही, ग्लासरचा. पडद्यावर जे परवडलं नाही ते हा माणूस वाद्यांनी भरून काढतो, म्हणून इतका आरडाओरडा. (ग्लासरचा जन्म शिकागोचाच, १९१६ चा. आपलंच गाव टोळांच्या तोंडी देताना त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.)

तिथून ऐकायची पद्धत बदलली. आठवड्याला एकच चित्रपट, एकदा बघायचा, मग डोळे मिटून ऐकायचा. सुरुवातीला हा वॉर्नर ब्रदर्सच्या संगीत विभागात प्रती उतरवायला होता. रचना दुसऱ्याची, प्रत्येक वादकापुढची पानं लिहून काढायची याने. काम कारकुनी खरं, पण कुठलं वाद्य कधी गप्प ठेवायचं हे अशा कामातच हाताला कळत असणार. १९४४ साली 'द मॉन्स्टर मेकर' केला आणि पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शंभराहून जास्त चित्रपट. घोडे, चाचे, गुहामानव, 'सिस्को किड' हे काउबॉयपट, पडेल ते काम. रतीबच घातला म्हणा ना.

आता तक्रारी. प्रेमप्रसंगात त्याने सरळ पाट्या टाकल्यात. व्हायोलिन सुरू झाली की चित्रपट कुठला हे मला आजही ओळखता येत नाही. दुसरं म्हणजे बरंचसं संगीत संवादांच्या खालूनच ऐकावं लागतं, ऐन रंगात आलं की कुणीतरी शास्त्रज्ञ बोलायला लागतो. एक जुनी एलपीही मागवली होती. विक्रेत्याने 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं, आली ती वाकलेली. सुई होडीसारखी वरखाली होते. परत घ्यायला तयार नाही.

या आठ महिन्यांत सगळ्यात जास्त लावलं ते 'रॉकेटशिप एक्स-एम' (१९५०). यान मंगळावर उतरतं, काळंपांढरं चित्र तांबूस होतं आणि सॅम्युएल हॉफमन यांचं थेरेमिन, म्हणजे हात न लावता वाजवायचं विजेवरचं वाद्य, सुरू होतं. बाईचा आवाज की वारा, ठरत नाही. इथे ग्लासर ओरडत नाही, वाट बघतो. पण रचना आहे फर्डी ग्रोफे या दुसऱ्या संगीतकाराची. ग्लासरने वाद्यमेळ बांधला आणि वाद्यवृंदाचं संचालन केलं. त्याचं म्हणून मला सगळ्यात आवडलेलं काम मुळात त्याच्या चालींचं नाही, हे अजून खटकतं. थेरेमिनला अशी मोकळी जागा करून देणं हेही कसबच, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालते, पण ती पुरती पटत नाही.

सुरुवात करायचीच असेल तर 'द अमेझिंग कोलोसल मॅन' (१९५७) ची श्रेयनामावली लावा. आवाज निम्म्यावर ठेवून.