जुन्या हॉटेलात नवी एसी-हीटिंग यंत्रणा: १४ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. यंत्रणा चांगली निघाली, पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेईन. तरी पहिले चार महिने गच्चीवर गेलो की ती आउटडोअर युनिटं खाली ढकलून द्यावीशी वाटायची. बिचाऱ्यांचा दोष फारसा नव्हता. इमारतीला नेमकं काय दुखतंय हे तपासायच्या आधीच आम्ही मशीनची माहितीपत्रकं चाळायला बसलो होतो.

इमारत चार मजल्यांची, ४६ खोल्या, जाड भिंती. तळघरात चिलर आणि बॉयलर, आणि खोल्यांपर्यंत पाइपांची एकच जोडी. उन्हाळ्यात तिच्यातून गार पाणी, थंडीत गरम. ऋतू पालटताना व्हॉल्व्ह फिरवायचे आणि पुढचे दोन-तीन आठवडे रिसेप्शनपासून लांब राहायचं. त्या दिवसांत पश्चिमेच्या खोलीतला पाहुणा घामाघूम होऊन फोन करतो आणि त्याच वेळी उत्तरेचा दुसरं पांघरूण मागतो. पाइप एकच, त्यामुळे एकाची तक्रार ऐकून घेण्यापलीकडे हातात काही नसतं. त्यात चिलरमध्ये आर-२२ गॅस. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या १९८७च्या मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांत २०२०पासून त्याचं नवं उत्पादन आणि आयात बंद झाली, विकसनशील देशांना २०३०पर्यंतची मुदत आहे. दरवर्षी गळणाऱ्या चिलरला असा गॅस पाजत बसण्यात अर्थ नव्हता.

आम्ही घेतली ती हीट रिकव्हरीची व्हीआरएफ, म्हणजे गच्चीवरच्या युनिटातून पाण्याऐवजी गॅसच पाइपांनी अनेक खोल्यांच्या युनिटांपर्यंत जातो आणि प्रत्येक खोलीला लागेल तेवढाच मिळतो. एका खोलीतून काढलेली उष्णता दुसऱ्या खोलीला देता येते, त्यामुळे एकाच मजल्यावर गार आणि गरम दोन्ही एका वेळी चालतं. ऋतूबदलाचे आठवडे कधी आले आणि गेले हे यंदा कळलंच नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पैकीच्या पैकी गुण देईन. गॅस आर-३२. जुन्या आर-४१०एपेक्षा त्याचा तापमानवाढीचा आकडा साधारण एक तृतीयांश, पण तो किंचित ज्वलनशील. खोली लहान असेल तर गळती झाल्यावर तिथे किती गॅस साचू शकतो याला मर्यादा असते. म्हणून संपूर्ण इमारतीला एक मोठी लाइन न टाकता मजल्यागणिक लहान यंत्रणा केल्या आणि खोल्यांत गळती ओळखणारे सेन्सर लावले. खर्च वाढला, पण आता एक यंत्रणा बंद पडली तर एकच मजला बसतो.

जुन्या चिलरची उष्णता पाण्यावाटे बाहेर टाकणारा कूलिंग टॉवर गेला याचा आनंद वेगळाच. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. तिथून न्यूमोनियाची साथ पसरली, ३४ जण दगावले. संशय हॉटेलच्या कूलिंग टॉवरवर होता, आणि जंतूला पुढे नाव मिळालं लीजनेला. कोमट पाण्यात तो फोफावतो. टॉवर साफ करायची पाळी आली की मला ही गोष्ट हमखास आठवायची. आंघोळीच्या गरम पाण्याची टाकी मात्र अजून आहे, आणि ती आम्ही ६० अंशांवरच ठेवतो. वीज वाचवायला ती ४५वर आणा असा सल्ला देणारे भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवतो.

आता चुकांकडे. पहिल्या ठेकेदाराने चौरस फुटांना एका आकड्याने भागलं आणि १०० टन सांगितले. जुना चिलर ९० टनांचा होता, म्हणून आम्हालाही ते पटलं. नशिबाने फी घेऊन हिशेब करणाऱ्या एका इंजिनिअरबाईंना बोलावलं. त्यांनी प्रत्येक खिडकीची दिशा, काच, भिंतीची जाडी सगळं मांडलं आणि उत्तर आलं ६२. मी घाबरलो. त्या म्हणाल्या, "तुमच्या खोल्या गार होतात, पण कोरड्या होत नाहीत. मशीन मोठं आहे म्हणूनच." मशीन गरजेपेक्षा मोठं असलं की तापमान झटकन उतरतं, कॉम्प्रेसर थांबतो, आणि हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. त्या ६२ टनांवर कडक उन्हाळा निघाला, एकही खोली रडली नाही.

तरी दमट दिवस सुरू झाल्यावर पूर्वेकडच्या खोल्यांत तोच जुना कुबट वास आला. नवीन यंत्रणा, नवीन फिल्टर, आणि वास तोच! आमच्या जुन्या मेंटेनन्सवाल्या काकांनी वारा पडलेला असताना खिडकीच्या फटीशी टिश्यू पेपर धरला. कागद सरळ आत ओढला गेला. बाथरूमच्या शाफ्टवरचा मोठा एक्झॉस्ट गच्चीवर रात्रंदिवस चालू, आणि ताजी हवा आत ढकलणारं युनिट कुणीतरी वीज वाचवायला कधीच बेल्ट काढून बंद केलेलं. म्हणजे इमारत फटीफटीतून बाहेरची ओल शोषत होती. खिडकीशेजारी व्हिनाइल वॉलपेपरचा कोपरा सोलला, तर मागची भिंत काळ्या बुरशीने भरलेली. बाहेरून येणारी ओल गार भिंतीत शिरायची आणि प्लॅस्टिकच्या कागदामागे अडकायची. पूर्वेच्या सगळ्या खोल्यांचा कागद काढून साधा रंग दिला. ताज्या हवेसाठी हीट रिकव्हरी व्हीलचं (बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब किंवा गारवा आत येणाऱ्या हवेला देणारं फिरतं चाक) वेगळं युनिट बसवलं, आणि एक्झॉस्ट निघतो त्यापेक्षा जरा जास्त हवा आत येईल असं जुळवलं. इनडोअर युनिटचा पंखा सतत चालू ठेवायची सेटिंगही बदलली. कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवरचं पाणी तो पंखा पुन्हा खोलीतच उडवत होता.

सगळ्यात मोठा मनस्ताप ड्रेनचा, म्हणजे एसीतून ठिबकणारं पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाचा. युनिटं दारामागच्या पॅसेजमध्ये फॉल्स सीलिंगवर बसवलीत, आणि ड्रेन पाइपाला मीटरमागे निदान एक सेंटीमीटर ढाळ हवा. जुन्या इमारतीत मध्येच तुळई येते. तिसऱ्या मजल्यावर पाइप तुळईखालून वळवला होता, आधार लांब लांब ठोकले होते, आणि मधे पाइपाला झोळ पडला होता. काम सोपवताना ठेकेदाराच्या माणसाने ट्रेमध्ये पाणी ओतून दाखवलं होतं, तेही ग्लासभर. झोळात ते मावलं आणि सगळे खूश. मग एका रात्री दोनच्या सुमारास ३०७मधल्या पाहुण्यांच्या उघड्या सुटकेसवर धार लागली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. रिसेप्शनवर येऊन फक्त ओला शर्ट काउंटरवर ठेवला. आता आमचा नियम आहे की ट्रेमध्ये पूर्ण बादली ओतायची आणि खालच्या टोकाला दुसरी बादली धरून आलेलं पाणी मोजायचं.

की-कार्डचाही घोळ झाला. जुन्या पद्धतीप्रमाणे इलेक्ट्रिशियनने कार्ड काढलं की युनिटची वीजच तुटेल अशी जोडणी केली होती. व्हीआरएफमध्ये हे चालत नाही. एका खोलीची वीज अचानक गेली की तिचा व्हॉल्व्ह आहे त्या स्थितीत अडकतो आणि त्याच लाइनवरच्या बाकीच्या खोल्या एरर दाखवतात. कार्डाने वीज तोडू नये, फक्त कंट्रोलरला निरोप द्यावा. रिकामी खोली आम्ही बंद न करता २७ अंशांवर सोडतो, म्हणजे ओल धरत नाही.

एक गंमत कुणीच आधी सांगितली नव्हती. युनिटं इतकी शांत आहेत की शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकू यायला लागला. जुन्या पंख्याची घरघर हे सगळं झाकत होती! दारांना रबरी पट्ट्या लावल्या, तेव्हा तक्रारी निवळल्या.

थंडीत आणखी एक. बाहेर गारठा आणि दमटपणा असला की आउटडोअर युनिटवर बर्फ धरतो, तो वितळवायला यंत्रणा काही मिनिटं उलटी फिरते आणि तेवढा वेळ खोलीत ऊब येत नाही. पाहुण्याला वाटतं बिघडलं. रात्रपाळीच्या पोराला "दहा मिनिटं थांबा, आपोआप येईल" एवढं वाक्य शिकवलं, फोन अर्ध्यावर आले.

विजेचे युनिट साधारण चौथ्या हिश्शाने उतरले. त्यातला मोठा वाटा पंप आणि पंख्यांचा असावा असं मला वाटतं. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते, आणि आमचे जुने पंप वर्षभर पूर्ण वेगानेच पळत होते.

चौथ्या मजल्यावरच्या दोन कोपऱ्याच्या खोल्या अजून राहिल्यात. तिथल्या जुन्या पाइपांवरचं वेष्टन ॲस्बेस्टॉसचं निघालं, म्हणून परवानाधारक माणसं येऊन ते काढेपर्यंत कुलूप. ३०७मध्ये परवा पुन्हा बादली ओतली. खाली पूर्ण बादली आली.