प्रोस्टेटचं ऑपरेशन: दुर्बीण, लेझर की वाफ?

घरातल्या नानांना किंवा आप्पांना प्रोस्टेटचं ऑपरेशन सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘लेझरने करायचं का?’ जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर तो शब्द ठळक रंगवलेला असतो ना! माझ्या मते आधी सोनोग्राफीच्या रिपोर्टमधले दोन आकडे बघावेत: प्रोस्टेटची ग्रंथी (पुरुषांच्या मूत्राशयाखाली लघवीच्या वाटेभोवती असते, उतारवयात वाढून लघवी अडवते ती) किती ग्रॅमची, आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते. निरोगी ग्रंथी साधारण २०-२५ ग्रॅमची. ३० ते ८० ग्रॅमपर्यंत बहुतेक मार्ग मोकळे असतात, पुढे ते कमी होत जातात. दुसरा आकडा अशासाठी, की आपल्याकडचे म्हातारे डॉक्टरांसमोर बसले की ‘बठ्ठं ठीक शे’ (सगळं ठीक आहे) म्हणतात. रात्री चारदा उठायचं, एसटीने जायचं तर सकाळपासून पाण्याला तोंड लावायचं नाही, आणि तरी बठ्ठं ठीक! सोनोग्राफीपुढे ती थाप चालत नाही.

लघवी पुन्हापुन्हा तुंबत असेल, मूत्राशयात खडा झाला असेल, रक्त जात असेल, किडनीला सूज असेल, तर गोळ्यांवर दिवस काढू नयेत. नुसता त्रास असेल तर टॅम्सुलोसिनच्या गोळीने काही दिवसांत फरक पडतो. ग्रंथी आकसवणाऱ्या ड्युटास्टेराइडला मात्र सहा महिने द्यावे लागतात.

आता ऑपरेशनं. टीयूआरपी म्हणजे आपण ज्याला ‘दुर्बिणीचं’ म्हणतो ते. कमरेत इंजेक्शन देतात, दुर्बीण लघवीच्याच वाटेने आत जाते आणि विजेच्या तारेच्या कडीने वाढलेला भाग खरवडून निघतो. पोटावर टाका नाही. नंतर दोन-तीन दिवस लघवीची नळी. वर टांगलेल्या सलाइनने मूत्राशय धुतलं जात असतं, खालच्या पिशवीतला रंग लालवरून गुलाबी, मग फिका होत जातो, आणि सोबतचा माणूस दिवसभर तेवढंच बघत बसतो. जुन्या मशीनवर ग्लायसिनचं पाणी वापरतात. ते रक्तात जास्त शिरलं तर सोडियम उतरतं. बायपोलर मशीनवर सलाइन चालतं, म्हणून तो धोका बराच कमी. तेव्हा ‘लेझर आहे का’ याआधी ‘बायपोलर आहे का’ हे विचारा.

होलेपमध्ये होल्मियम लेझरने वाढलेला भाग, मोसंबीचा गर सालीपासून सुटावा तसा, अख्खा सोडवतात आणि मूत्राशयात बारीक करून बाहेर ओढतात. ग्रंथी १५० ग्रॅमची असली तरी जमतं. रक्त कमी जातं, नळी लवकर निघते, पुढे पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता फार थोडी. पण हे हाताचं काम आहे आणि हात बसायला डॉक्टरांना अनेक केसेस कराव्या लागतात. सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिने, खोकताना-उठताना काहींची लघवी गळते, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

दोन्हींत एक गोष्ट सारखी: बहुतेकांचं वीर्य पुढे न येता मूत्राशयात जातं. त्याने अपाय होत नाही, ताठरतेवरही सहसा परिणाम होत नाही. पण पंचावन्नच्या माणसाला हे मुलासुनेसमोर विचारता येत नाही. त्यांना पाच मिनिटं डॉक्टरांजवळ एकटं बसू द्या.

ज्याला वीर्याचं हे मागे जाणं टाळायचंच आहे त्याच्यासाठी रेझूम (ग्रंथीत नऊ-नऊ सेकंद वाफ सोडतात) आणि युरोलिफ्ट (ग्रंथीचे पाळे क्लिपांनी बाजूला ओढून ठेवतात). वाफेनंतर सूज येते, नळी काही दिवस राहते आणि पूर्ण आराम पडायला दोन-तीन महिने लागतात. क्लिपांचा गुण लवकर येतो, पण पाच वर्षांत साधारण सातातल्या एकाला पुन्हा काहीतरी करावं लागतं. फार मोठ्या ग्रंथीला दोन्ही नकोत.

मला विचाराल तर सत्तरीचा माणूस आणि ५०-६० ग्रॅमची ग्रंथी असेल, तर घराजवळ बायपोलर टीयूआरपी करावी, लेझरसाठी कर्ज काढू नये. भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेचं विचारून घ्यावं. ग्रंथी शंभराच्या पुढची असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर मात्र होलेपमध्ये मुरलेला डॉक्टर शोधत नाशिक-मुंबई गाठलेली बरी. त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

ऑपरेशननंतर चार-सहा आठवडे ट्रॅक्टर, मोटारसायकल, केळीचे घड उचलणं बंद. चैत्रात सप्तशृंगीला पायी जायचं असेल तर तारीख त्या हिशेबाने धरा. दहाव्या-बाराव्या दिवशी आतली खपली सुटून थोडं रक्त दिसू शकतं. पाणी वाढवा. रक्ताच्या गाठी येऊन लघवी अडली तर सकाळची वाट बघू नका. मोतीबिंदूचंही ऑपरेशन व्हायचं असेल तर टॅम्सुलोसिन घेतो किंवा पूर्वी घेत होतो, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्या गोळीने बुबुळ ढिलं पडतं.

खरवडलेला तुकडा कॅन्सरच्या तपासणीला जातो. वाफेत आणि क्लिपांत तुकडाच निघत नाही, म्हणून तिथे पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आधीच नीट बघून घ्यावा लागतो. टीयूआरपी-होलेपवाल्यांचा रिपोर्ट डिस्चार्जनंतर काही दिवसांनी येतो. तो आणायला कोण जाणार, हे घरात आधीच ठरवा.