जुन्या गाडीत हँड्सफ्री: व्हायझर, एफएम, ऑक्स की नवा स्टिरिओ?

गाडी दहा-बारा वर्षं जुनी आहे, स्टिरिओला एफएम आणि फार तर यूएसबी किंवा ऑक्स (बाहेरून आवाज घेणारं ३.५ मिमीचं सॉकेट) आहे, पण ब्लूटूथ नाही. अशा गाडीत फोनवर हात न लावता बोलायचं तर चार रस्ते आहेत. सन व्हायझरला (काचेवरच्या ऊन अडवणाऱ्या पट्टीला) अडकवायचा स्पीकरफोन, लायटरच्या सॉकेटात बसून फोनचा आवाज गाडीच्या रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर, ऑक्सला जोडायचा ब्लूटूथ रिसीव्हर, नाहीतर स्टिरिओच बदलणं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत स्पीकरचे वॉट लिहिलेले असतात. आपल्याला ऐकू येण्याची अडचण मात्र क्वचितच येते, कारण आवाज वाढवता येतो. अडचण येते ती समोरच्याला. म्हणून निवड करताना दोनच प्रश्न विचारावेत: माइक तोंडापासून किती लांब आहे, आणि इको कोण काढतंय?

थोडं आतलं काम समजून घेऊ. ब्लूटूथवर कॉल आणि गाणी वेगवेगळ्या वाटांनी जातात. कॉलसाठी एचएफपी हे प्रोफाइल (ब्लूटूथची ठरलेली पद्धत), गाण्यांसाठी ए२डीपी. गाणी वाजतात पण कॉल मात्र फोनवरूनच ऐकू येतो, ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या उपकरणाच्या नावापुढे ‘फोन कॉल’चा पर्याय बंद राहिलेला असतो, किंवा मुळात उपकरणच फक्त ए२डीपीचं असतं. दुसरी गोष्ट घ्यायच्या आधीच तपासावी. ज्याला माइक नाही त्याच्याकडून कॉलची अपेक्षा कशाला?

आता इको. समोरच्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून निघतो, काचांवर आपटतो आणि तुमच्याच माइकमध्ये शिरून त्याच्याकडे परत जातो. हे थांबवण्यासाठी किट, म्हणजे तुमचं हँड्सफ्री उपकरण, स्पीकरला पाठवलेल्या आवाजाची प्रत जवळ ठेवतं, तो केबिनमध्ये फिरून कसा परत येईल याचा अंदाज बांधतं आणि माइकच्या आवाजातून तेवढा वजा करतं. स्पीकरमधून नेमकं काय आणि किती मोठ्याने बाहेर पडलं हे किटला ठाऊक असेल, तरच ही वजाबाकी जमते. ‘मला माझाच आवाज ऐकू येतोय’ असं पलीकडचा म्हणाला, तर बहुधा दोष तुमच्या गाडीत आहे, त्याच्या फोनमध्ये नाही. अशा वेळी आधी आवाज कमी करून पाहावा. स्पीकर फाटका वाजायला लागला की वजाबाकी कोलमडते.

व्हायझरचा स्पीकरफोन

नुसतं बोलण्यासाठी घ्यायचा तर याला तोड नाही. माइक तोंडापासून हातभर अंतरात येतो. स्पीकर आणि माइक एकाच डबीत असल्याने इकोची वजाबाकी बनवणाऱ्यानेच जुळवलेली असते. माइकचं अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने खाली येतो, पण टायरचा आणि एसीचा आवाज आहे तेवढाच राहतो. त्यामुळे हे हातभर अंतर मोलाचं आहे. वायरिंग नाही, भाड्याच्या किंवा दुसऱ्या गाडीत उचलून नेता येतो, ट्रकमध्येही चालतो.

उणीव बॅटरीची. मे महिन्यात नागपूर-जळगावकडे उन्हात उभ्या गाडीची केबिन सहज ६० अंशांवर जाते, आणि लिथियम बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्जिंग मानवत नाही. व्हायझर तर काचेला लागूनच. गाडी उन्हात लावायची असेल तर डबी काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकावी, नाहीतर बॅटरी लवकर बसते. गाण्यांसाठी मात्र हा घेऊ नये. छोट्या स्पीकरमध्ये खालचे सूर नसतातच.

एफएम ट्रान्समीटर

पाचशे-हजार रुपयांत मिळतो, म्हणून सर्वाधिक खपतो. कॉलसाठी चौघांत सगळ्यात कच्चाही हाच. माइक सॉकेटात, म्हणजे गिअरच्या दांड्याजवळ, तोंडापासून लांब आणि गिअरबॉक्सच्या घरघरीशेजारी. शिवाय आवाज वाजतो गाडीच्या रेडिओतून. रेडिओची बटणं तुमच्या हातात, त्यामुळे किटला पातळी कळतच नाही आणि इकोची वजाबाकी अंदाजपंचे होते. म्हणून बरेच ट्रान्समीटर सोपा मार्ग धरतात: समोरचा बोलत असताना तुमचा माइक दाबून टाकतात. दोघं एकदम बोलले की शब्द तुटतात.

वारंवारितेचंही बघावं लागतं. बँड ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ. मुंबई-पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३ ही ठिकाणं भरलेली आहेत, त्यांच्या शेजारी ट्रान्समीटर लावला की गाणं मध्येच घुसतं. दोन्ही बाजूंना निदान ०.४ मेगाहर्ट्झ मोकळी जागा शोधावी, आणि लांबच्या प्रवासात ती पुन्हा शोधायची तयारी ठेवावी. गाडीत ऑक्स नसेल आणि मुख्य गरज गाण्यांची असेल, तर घ्या. दिवसाचे दहा कॉल याच्यावर घेणाऱ्याची मात्र कीव येते.

ऑक्सचा रिसीव्हर

३.५ मिमीच्या सॉकेटात जाणारी वायर आणि तिच्या टोकाला छोटी डबी. आवाज गाडीच्या स्पीकरमधून, एफएमपेक्षा स्वच्छ. डबीतला माइक कुठे ठेवायचा ते वायरच्या लांबीवर ठरतं. वायर दीड मीटरची असेल तर डबी स्टिअरिंग कॉलमवर चिकटवता येते, तोकडी असेल तर ती पुन्हा गिअरपाशीच अडकते. खरेदीच्या वेळी हेच मोजावं.

याचा ठरलेला आजार म्हणजे कुई. डबी गाडीच्या सॉकेटातून चार्ज होत असताना ऑक्सलाही जोडली की अर्थिंगच्या दोन वाटा तयार होतात आणि अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या भागाचा) आवाज स्पीकरमध्ये शिरतो. ॲक्सिलरेटर दाबला की कुईचा सूर चढतो, यावरून ओळखावं. चार्जिंगची वायर काढली की आवाज थांबला, तर निदान पक्कं. मग ऑक्सच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (ही दुहेरी वाट तोडणारी छोटी डबी) घालावा. दुसरं एक लक्षात ठेवावं: स्टिरिओ ऑक्सवर असेल तरच आलेला कॉल ऐकू येतो. रेडिओ लावलेला असेल तर फोन कनेक्ट होऊनही शांतता.

स्टिरिओच बदलायचा तर

खर्च काही हजारांत, पण रोज गाडी चालवणाऱ्याला हाच पुरून उरतो. खाचेचं माप आधी घ्या: सिंगल डिन १८० × ५० मिमी, डबल डिन १८० × १०० मिमी. स्टिरिओच स्पीकर वाजवतो आणि इकोही तोच काढतो, त्यामुळे वजाबाकीला योग्य माहिती मिळते. स्वस्तातल्या अँड्रॉइड स्क्रीनमध्ये पडदा मोठा आणि ब्लूटूथचा भाग हलका असतो, हे मात्र ध्यानात असू द्या. अँड्रॉइड ऑटो (फोनची ॲप स्टिरिओच्या पडद्यावर दाखवणारी सोय) यूएसबी वायरने जोडलं तरी कॉल ब्लूटूथवरूनच जातो, म्हणजे तो हलका भाग टाळता येत नाही.

बहुतेक मॉडेलला समोरच्या पट्टीत माइक असतो आणि मागे बाहेरच्या माइकसाठी जॅक. बाहेरचा माइक घ्याच. तो स्टिअरिंग कॉलमवर किंवा ड्रायव्हरच्या व्हायझरजवळ, तोंड तुमच्याकडे करून बसवावा. एसीच्या झोतासमोर लावला तर पलीकडे फक्त वारा ऐकू जातो. वायर काचेशेजारच्या खांबातून न्यायची असेल आणि गाडीला कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असेल, तर ती एअरबॅगच्या मागून जायला हवी, पुढून कधीच नाही.

वायरिंगमध्ये पिवळी म्हणजे कायमचे १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट, काळी अर्थिंगची. पिवळी-लाल उलट लागली की चावी काढताच स्टिरिओ सगळं विसरतो, फोन रोज नव्याने जोडावा लागतो. लालही कायमच्या करंटवर गेली तर स्टिरिओ झोपतच नाही आणि आठवडाभर उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही. तुमच्या मॉडेलचं कपलर (मूळ वायरी न कापता बसणारा जोड) मिळतं, ते मागावं. मूळ वायरी कापून टेप गुंडाळणाऱ्याला थांबवा, पुढचं प्रत्येक दुखणं त्या टेपखाली सापडतं.

कायद्याची बाजू: मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या सुधारणेनंतर गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. हँड्सफ्रीने हात मोकळे होतात, डोकं नाही, तेव्हा घाटात आणि पावसात कॉल वाजू द्यावा.

फोनवर कमी बोलणारा आणि गाडी विकायच्या विचारात असलेला असेल तर व्हायझरची डबी. गाडी अजून पाच वर्षं ठेवायची असेल तर स्टिरिओ. चांगला ऑक्स आधीच असेल आणि डबी स्टिअरिंगपर्यंत पोचत असेल तर रिसीव्हर पुरे.

खरेदी पक्की करण्यापूर्वी चाचणी घ्या, पण उभ्या गाडीत नको, तिथे सगळेच चांगले वाजतात. ताशी ६०च्या वेगाने, काचा वर, एसीचा पंखा दोनवर. शेजारी बसलेल्याला फोन लावायला सांगा आणि पलीकडच्याला तीन गोष्टी विचारा: इको येतो का, शब्द तुटतात का, पंखा तीनवर नेल्यावर काय होतं? स्टिरिओ घेत असाल तर फोनबुकही उघडून बघा. नावं देवनागरीत साठवली असतील आणि स्टिरिओत तो फॉन्ट नसेल, तर ‘आई’च्या जागी दोन चौकोन दिसतात. सॉफ्टवेअर अपडेटने सुधारतं का, हे पैसे देण्याआधी विचारायचं.