गुडघ्याला "करंट" देतो म्हणून 36 हजार घेतले आणि आबांचा पाय भाजला, कृपया पूर्ण वाचा

हे आधीच लिहायचं होतं पण आबांची जखम भरेपर्यंत कशातच लक्ष लागत नव्हतं. आता भरलीये. जरा लांब झालंय पण घरात शुगर आणि गुडघेदुखी असलेले आईवडील असतील तर वेळ काढून वाचाच.

आबा 71 चे. एसटीत कंडक्टर होते, आयुष्य उभं राहण्यात गेलं त्यामुळे दोन्ही गुडघे गेलेत, आणि शुगरला 18 वर्षं झाली. मी पुण्यात, आईआबा कराडजवळ गावी. गेल्या दिवाळीनंतर तिथल्या मंगल कार्यालयात मोफत गुडघेदुखी तपासणी शिबिर लागलं, गाडीवर भोंगा लावून गावोगाव सांगत होते, आबांचे मित्र चालले म्हणून आबापण गेले. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, सगळे डॉक्टरसाहेब डॉक्टरसाहेब करत होते. गुडघा दाबून बघितला न बघितला आणि सांगितलं की गादी झिजलीये, सहा महिन्यात ऑपरेशनला चार लाख घालवाल, आमच्या जर्मन टेक्नॉलॉजीच्या करंटने गादी परत तयार होते. 20 सिटिंगचे 16 हजार, आजच भरले तर 12. आणि नंतर घरी वापरायला मशीन 24 हजार. आबांनी मला न विचारता एफडी मोडली. मुलाला कशाला त्रास, असं आईला म्हणाले. याचा मला अजून त्रास होतो, पण आबांवर राग नाही, त्या माणसांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं, मुलांवर ओझं नको हेच वाक्य ते प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला सांगत होते असं नंतर कळलं.

सिटिंग भाड्याच्या गाळ्यात. सहा खाटा आणि वीस-बावीस वर्षांचा एकच पोरगा. तो पॅड चिकटवायचा, मशीन चालू करायचा आणि बाहेर फोनवर बोलत बसायचा. पॅड तेच तेच सगळ्यांना, वाळलेले, कडा उचललेल्या, चिकटत नाहीत म्हणून वरून पट्टा आवळायचा. आबांनी एकदा सहज सांगितलं की पायाला मुंग्या येतात, तर घोट्यालापण पॅड लावायला सुरुवात केली, तेवढ्याच पैशात बरं का, म्हणून आबा खूश.

सहाव्या सिटिंगला पोरानं विचारलं जाणवतंय का. आबा म्हणाले नाही. वाढवला. आता? नाही. अजून वाढवला, म्हणे शुगरवाल्यांना जास्तच लागतो, आणि बाहेर गेला तो अर्धा-पाऊण तास आलाच नाही. आबांना खरंच काही जाणवत नव्हतं हो, कारण शुगरनं त्या पायाची संवेदनाच गेलेली आहे. रात्री आई पाय चेपायला बसली तेव्हा तिला घोट्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा फोड दिसला. आबा म्हणाले काय नाही गं, पट्टा घासला असेल. चार दिवसांत तिथली कातडी काळी पडली. आईनं मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, मी म्हटलं आबा तुम्ही आत्ता गाडीत बसा, मी थेट हॉस्पिटलला येतो. दहा आठवडे ड्रेसिंग चाललं. शुगरवाल्याच्या पायाची जखम म्हणजे काय असते हे ज्याच्या घरात झालंय त्यालाच माहिती, सर्जननी पहिल्या दिवशी बोट जाईल का पाय जाईल हे आत्ता सांगत नाही असं म्हटलं तेव्हा आई तिथंच खाली बसली.

जखम भरत आल्यावर सर्जननी एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, आणि तिथं गेल्यावर मला कळलं की आधी काय काय व्हायला हवं होतं. त्या मॅडमनी पहिली पंधरा मिनिटं मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. नुसते प्रश्न. हार्टचा काही त्रास, छातीत पेसमेकर आहे का, कधी फिट आली होती का, कॅन्सरची ट्रीटमेंट झाली का, पोटरी सुजून दुखते का म्हणजे नसेत रक्ताची गाठ तर नाही ना, कुठे जखम-खरूज. बायका असतील तर प्रेग्नन्सीचंपण विचारतात. मग आबांना डोळे मिटायला सांगून कापूस आणि टोकदार वस्तू आलटून पालटून पायाला लावली, टोचतंय का मऊ लागतंय सांगा. घोट्याखाली आबांना काहीच सांगता येईना. मॅडम म्हणाल्या, काका, या भागाला करंट द्यायचाच नाही. किती द्यायचा हे पेशंटच्या जाणवण्यावरूनच ठरतं, हळूहळू वाढवत मुंग्या येतात पण दुखत नाही तिथं थांबायचं, आणि ज्याला जाणवतच नाही त्याच्यासाठी थांबायची जागाच नसते. दोन मिनिटांची टेस्ट आहे ही. दोन मिनिटं!

पॅडचंपण त्यांनी सांगितलं. पॅड वाळला किंवा एक कड उचलली की सगळा करंट उरलेल्या छोट्या जागेतून जातो आणि तिथं भाजतं. म्हणून जेल किंवा ओला स्पंज नीट हवा, कातडी पुसलेली हवी, तेल बाम काही नको, जखमेवर पॅड नको. गळ्याच्या पुढच्या बाजूला नाही, छातीवर आडवा नाही. चालू मशीनचे पॅड काढायचे नाहीत, आधी झिरोवर आणायचं. आणि करंट चालू असताना पेशंटच्या हाताशी बेल पाहिजे नाहीतर माणूस तरी पाहिजे. घरी वापरणाऱ्यांनी लावून झोपू नये, गाडी चालवताना नाही, ओल्या हातानं तर नाहीच.

त्या शिबिरवाल्यांच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात 4000 हर्ट्झ पॉवर असं छापलेलं होतं, ते मी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या ही काही पॉवर नाही, आयएफटी म्हणून जे मशीन असतं त्यात साधारण तेवढ्याच फ्रिक्वेन्सीचे दोन करंट एकमेकांना छेद देतात, हे गावोगावच्या क्लिनिकमध्ये आहे. टेन्स म्हणजे कातडीवर पॅड लावून हलका करंट देणारं छोटं मशीन, त्यानं आणि आयएफटीनं दुखणं काही वेळ दबतं, काहींना आराम पडतो, पण गादी तयार वगैरे काही होत नाही. खरा आधार मांडीच्या स्नायूंचा, तो व्यायामानंच येतो. आबांना खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, गुडघ्याखाली टॉवेल ठेवून दाबायचा, असे व्यायाम दिलेत, वजन कमी करायला सांगितलंय. ते आता स्वतःहून पारावर जातात.

24 हजाराचं मशीन मी सर्जिकलच्या दुकानात नेलं. त्याच्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, लायसन नंबर नाही. दुकानदारानं तसंच, कंपनीचं नाव असलेलं साडेतीन हजाराला दाखवलं. गाळा तोपर्यंत रिकामा झालेला. फोन एकदा लागला तर म्हणाले पेशंटनं शुगर लपवली. लपवली? आबांना कोणी विचारलंच नव्हतं.

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी कौन्सिलकडे असते, 2002 चा कायदा आहे त्याचा. बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, इंटर्नशिप धरून काही वर्षांचा कोर्स असतो. मी त्या साहेबांच्या नावाची चौकशी केली, तिथं नोंद नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये आणि जिल्हा ग्राहक आयोगात केस करतोय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील म्हणाले आपली कच्ची पावती, पत्रक, जखमेचे तारखेसकट फोटो आणि सर्जनचे कागद आहेत म्हणून उभं राहता येतंय. बऱ्याच जणांकडे पावतीच नाहीये. तेव्हा पैसे भरायच्या आधी नोंदणी नंबर विचारा, पक्की पावती मागा, दिली नाही तर उठून या, चहा पाजला असला तरी उठून या.

शिबिराला गेलेल्या आबांच्या मित्रांना मी एकेक करून फोन करतोय, आबांच्या डायरीत नंबर आहेत. अकरा जणांनी मशीन घेतलंय. त्यातल्या एका काकांना परवा विचारलं तर म्हणाले रोज रात्री खांद्याला आणि छातीला लावतो, बरं वाटतं. त्यांना तीन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलेला आहे. फोन चालू असतानाच त्यांच्या सुनेला मशीनची वायर काढून कपाटात ठेवायला लावली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना हार्टच्या डॉक्टरांकडे पेसमेकर तपासायला पाठवलं. अजून चार जणांचे फोन लागत नाहीयेत.