व्हिममध्ये सीसाउंडची सिंटॅक्स-तपासणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

सीसाउंड ही कोड लिहून आवाज आणि संगीत तयार करण्याची भाषा. तिच्यात सगळ्यात जास्त वेळ जातो तो चुकलेली ओळ शोधण्यात. टर्मिनलवर भराभर ओळी सरकतात आणि त्यात एका कंसाची तक्रार बुडून जाते. तपासणी एडिटरमध्येच, म्हणजे कोड लिहायच्या व्हिममध्येच, बसवली की हा त्रास जवळजवळ संपतो. वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. सीसाउंड ६ मध्ये ‘सिंटॅक्स-चेक-ओन्ली’ हा पर्याय आहेच. ऑर्केस्ट्रा (वाद्यांचा कोड) आणि स्कोअर (काय कधी वाजवायचं ती यादी) वाचून, काहीही न वाजवता प्रोग्राम थांबतो. व्हिमच्या ‘मेकपीआरजी’ या सेटिंगमध्ये ही आज्ञा दिली की ‘मेक’ चालवल्यावर चुका क्विकफिक्स यादीत, म्हणजे थेट त्या ओळीवर नेणाऱ्या यादीत, येतात.

खरी मेहनत ‘एररफॉरमॅट’वर आहे, म्हणजे चुकीचा निरोप कसा वाचायचा हे व्हिमला सांगणाऱ्या नमुन्यावर. सीसाउंडचा निरोप एका ओळीत मावत नाही: चूक एका ओळीवर, ओळ क्रमांक दुसरीवर. त्यामुळे बहुओळी नमुना लिहावाच लागतो. यादीत रंगांचे विचित्र कोड दिसले तर सीसाउंडचा ‘एमएसजी-कलर’ हा पर्याय बंद करा.

ओळ क्रमांकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कंस उघडा राहिला तर पार्सरला (कोड वाचणाऱ्या भागाला) ते ओळ संपल्यावर कळतं, म्हणून बोट बऱ्याचदा पुढच्या ओळीकडे जातं. वाद्याचा कोड संपवणारं ‘एंडइन’ विसरलात तर तक्रार पुढचं वाद्य सुरू करणाऱ्या ‘इन्स्ट्र’वर येते. सवय एकच: दाखवलेल्या ओळीपासून वर वाचत जायचं, आणि पहिली चूक दुरुस्त करून पुन्हा तपासायचं, खालच्या बऱ्याचशा तिच्याच पोटी आलेल्या असतात.

सगळ्यात उपयोगी पडते ती प्रकारांची तपासणी. ‘आय’ने सुरू होणाऱ्या व्हेरिएबलमध्ये (ज्याची किंमत सुरुवातीला एकदाच ठरते) ‘के’-रेटची, म्हणजे वाजताना बदलत राहणारी, किंमत भरली, किंवा ‘ऑसिली’ या स्वर काढणाऱ्या ऑपकोडला (तयार आज्ञेला) फ्रीक्वेन्सी द्यायची राहिली, तर वाजवण्याआधीच कळतं.

तपासणी फाइल सेव्ह केल्यावरच चालवा. टाइप करता करता तपासणारे लिंटर (चुका दाखवणारे प्लगइन) मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये टाकतात. मग ‘इन्क्लूड’चे, म्हणजे दुसरी फाइल आत ओढणाऱ्या ओळींचे, सापेक्ष मार्ग तुटतात आणि नसलेल्या चुका दिसतात. ते टाळता येत नसेल तर ‘आयएनसीडीआयआर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्या फाइल्सचं फोल्डर द्या. मॅकवर डॉकमधून उघडलेल्या एडिटरला शेलमधली अशी व्हेरिएबल्स बऱ्याचदा मिळत नाहीत. त्यामुळे प्लगइन ऑपकोड वेगळ्या फोल्डरमध्ये असतील तर ते ‘सापडले नाहीत’ म्हणून येतात. त्या फोल्डरचा पत्ता देणारं ‘ओपीकोड६डीआयआर६४’ एडिटरच्या सेटिंगमध्येच भरा.

‘डिस्कइन२’ या फाइल वाजवणाऱ्या ऑपकोडला दिलेली साउंड फाइल जागेवर नसेल तर ही तपासणी गप्प राहते, ती चूक वाजवतानाच उघडी पडते. आणि मॅक्रो (कोडमधल्या नावाच्या जागी भरायचा मजकूर) वाजवायच्या आज्ञेतून देत असाल तर तपासणीच्या आज्ञेतही तेच ‘ओमॅक्रो’ लिहा, नाहीतर बरोबर असलेली फाइलसुद्धा लाल दिसेल.